लाडवाच्या डब्यातलं संशोधन

गुडघेदुखीवरच्या एका नव्या औषधाचं संशोधन आमच्या घरात बिघडलं. बाकी ठिकाणी ते व्यवस्थित चाललं असावं.

मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात चेकर आहे. टेबलावरून टॉवेल पुढं सरकतो, मी वाकून बघतो, आणि सुटलेला धागा, डाग, तिरकी किनार दिसली की तो बाजूला काढतो. सव्वीस वर्षं हेच काम. त्यामुळं माझी कंबर कामातून गेली आणि जगात बिनदोष काही असू शकतं यावरचा विश्वासही गेला. (लग्नात आहेर म्हणून आलेल्या टॉवेलांतसुद्धा मी दोष काढले होते. ते सासऱ्यांनी दिले होते.)

कारखान्यात जायच्या आधी मी पेपरातले दोष काढतो. त्यातही मला आरोग्याची बातमी लागते. राजकारणातले दोष काय, कुणीही काढतं! पण "शास्त्रज्ञांना मोठे यश" असा मथळा दिसला की मी चष्मा पुसून बसतो. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात त्या वेळी श्रोते ठरलेले: माझी आई, माझी काकू आणि ओट्याशी पाठ करून उभी असलेली माझी बायको सुनंदा. आई आणि काकू या जावा-जावा, मूळच्या माळशिरसकडच्या. दोघींचे नवरे गेले. चाळीस वर्षं एका चुलीवर काढली, आता वेगळं कशाला राहायचं, म्हणून दोघी माझ्याकडंच असतात.

"डुकराची किडनी माणसाला बसवली," मी एकदा वाचून दाखवलं.

"डुकराला इचारलं का?" काकू म्हणाली.

"तोच तर मुद्दा आहे! यात नीतिमत्ता कुठं आहे?"

"न्हाय, दिली आसती त्यानं. गरीब जनावर. पर इचारायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी माणसाच्या मेंदूत चिप बसवल्याची बातमी होती. "चारजिंग कुटनं करायचं?" आईनं विचारलं. पुढं कधीतरी एका औषधानं उंदरांचं आयुष्य वाढल्याचं आलं. त्यावर सुनंदा पहिल्यांदा वळली. "आपल्या माळ्यावरच्यांना ते आधीच कुणी दिलंय का, बघा," म्हणाली. बाळ जन्माला यायच्या आधीच त्याच्यातले दोष कात्रीनं कापल्यासारखे काढून टाकता येतील असं छापून आलं, तेव्हा मी पाऊण तास बोललो. परवानगी कुणाची घेणार? चुकलं तर जबाबदार कोण? दोष कशाला म्हणायचं हे ठरवणार कोण? त्या दिवशी माझी कारखान्याची बस चुकली.

आई एवढंच म्हणाली, "ही कातर जरा आदी निगायला पायजे हुती."

अशा घरात औषधाची चाचणी चालून आली. दोघींचे गुडघे सहा-सात वर्षांपासून दुखतात. आमच्या गच्चीला सतरा पायऱ्या आहेत. पापड-कुरडयांचं वाळवण सुनंदाच्या हवाली करून दोघी खाली बसायच्या आणि न दिसणाऱ्या वाळवणात चुका काढायच्या. पण मनातून दोघींना वर जायचं असायचं. एका दवाखान्यात गुडघ्यावरच्या नव्या गोळीच्या चाचणीसाठी साठीपुढची माणसं हवीत असं कळलं आणि दोघी निघाल्या. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

तिथं एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. प्रत्येकीला एक बाटली, बाटलीत पस्तीस गोळ्या. रोज एक घ्यायची आणि अठ्ठावीस दिवसांनी उरलेल्या गोळ्या बाटलीसकट परत आणायच्या. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही; ते कॉम्प्युटर ठरवतो.

मी खुर्ची पुढं ओढली. "म्हणजे एखाद्या म्हाताऱ्या बाईला तुम्ही खोटी गोळी चारणार?"

"काका, तसं आम्ही आधीच सांगतोय. फॉर्मवर लिहिलंय."

"पण खोटी कशाला? सगळ्यांना खरीच द्या की!"

"नुसती गोळी घेतली या समाधानानंही माणसाला बरं वाटतं. ते वजा केल्याशिवाय औषधाचा गुण किती आणि मनाचा किती, ते कळत नाही."

"अडाण्यांना वाटत असेल," मी म्हणालो.

मॅडमनी फॉर्म पुढं केला. चौदा पानांचा होता. चौदाच्या चौदा मी मोठ्यानं वाचली. नवव्या पानावर, चाचणीतून कधीही उठून जाता येतं असं लिहिलं होतं. "मग जा की तू," आई म्हणाली. दोघींनी सह्या केल्या.

घरी आल्यावर मी विषय सोडला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण मी गणित मांडलं. निम्म्यांना खरी, तुम्ही दोघी, म्हणजे एकीला खरी आणि एकीला खोटी! एकीची शुद्ध फसवणूक! आणि हे कोण करतंय, तर सुशिक्षित माणसं! मी बराच वेळ बोललो. एरवी मधेमधे बोलणाऱ्या आई आणि काकू त्या दिवशी एकमेकींकडं बघत गप्प बसल्या. माझ्या बोलण्याचा परिणाम होतोय असं मला वाटलं. तो होतच होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. या दोघींनी चाळीस वर्षांत एकटीनं काही खाल्लेलं नाही. एक भाकरी केली तरी ती मधोमध मोडायची. शेंगदाण्याचा लाडू अंगठ्यानं दाबून दोन करायचा, आणि मोठं अर्ध समोरचीला द्यायचं. (मोठं कुठलं यावरून वाद होतो, पण तो आपल्याकडं मोठं आलं म्हणून होतो.) माझे वडील आणि चुलते बांधावरून दोन वर्षं बोलत नव्हते, तेव्हाही या दोघी एका ताटात जेवत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी लाडू घ्यायला फळीवरचा स्टीलचा डबा उघडला. आत लाडू नव्हते. पांढऱ्या गोळ्या होत्या. शेजारी नंबर लिहिलेल्या दोन बाटल्या रिकाम्या उभ्या होत्या.

"हे काय आहे?"

"वाटनी," आई म्हणाली.

"कसली वाटणी?"

"येकीला खरी आन येकीला खोटी, तूच म्हनलास की. मग हिनं खोटं खायाचं आन मी खरं? घास उतरंल व्हय मला?"

"दोनी येक केल्या," काकू म्हणाली. "चांगल्या हलवून ठेवल्यात. आज खरी आली तर उंद्या खोटी. दोगींला सारखं."

संशोधनाचं वाटोळं झालं होतं, हे मला समजत होतं. लगेच मॅडमना फोन करायला हवा होता. फोन हातातही घेतला. पण मला मनातून अभिमानच वाटला! दोन वर्षं मी नीतिमत्तेवर बोलत होतो आणि या घरात पहिल्यांदाच कुणीतरी ते ऐकून काही केलं होतं. मी फोन खाली ठेवला.

दोन आठवडे बरे गेले. मग कारखान्यात निर्यातीची घाई सुरू झाली आणि माझी कंबर धरली. सकाळी मोजे घालायला मला भिंत लागायची. अशा एका सकाळी मी फळीसमोर उभा होतो आणि डबा समोर होता. यातल्या निम्म्या खऱ्या आहेत, हे मीच काढलेलं गणित. म्हटलं, नमुना तपासायला काय हरकत आहे? आमच्या कारखान्यातही गठ्ठ्यातला एखादा टॉवेल काढून बघतातच. मी एक गोळी काढली आणि पाण्याबरोबर तपासली.

दुसऱ्या दिवशीही तपासली, कारण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. चौथ्या दिवशी कंबर हलकी झाली. सहाव्या दिवशी मी बसमध्ये उभा राहून गेलो. पेपर वाचताना म्हणालोही, "काही म्हणा, विज्ञानानं प्रगती केली आहे." सुनंदानं गॅस बारीक करून माझ्याकडं नीट बघितलं.

त्याच आठवड्यात आई गच्चीवर गेली. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून, पण सतराही चढली. मागोमाग काकू. वर जाऊन दोघी पापडांमधे बसल्या आणि सुनंदानं पापड किती जाड लाटलेत हे प्रत्यक्ष बघून सांगितलं. खाली उतरताना दोघींचे चेहरे असे फुललेले होते की मला भरून आलं.

मग तो रविवार आला. सोमवारी दवाखान्यात जायचं, म्हणून काकूनं उरलेल्या गोळ्या दोन बाटल्यांत सारख्या भरायला डबा घेतला. काकू चौथी पास, पण हिशेबाला पक्की. सत्तर होत्या, छप्पन्न खाल्ल्या, चौदा राहायला हव्यात. तिनं डबा ताटात उपडा केला. तीन गोळ्या पडल्या.

"आक्का, चौदा पायजेत."

आईनं ताटात बघितलं, डब्यात हात घालून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पारू, गुडगा लई ठणकला म्हनून घेतल्यास का गं जास्ती? घेतल्या आसल्या तर आसू दे. मी काय म्हननार न्हाय."

"मी?" काकूचा आवाज चढला. "आक्का, गच्चीवर आदी कोन चडलं? तुमीच की! मी इचारलं का, येवडी ताकद कुटनं आली म्हनून?"

"म्हंजी मी चोरून खाल्ल्या?"

"मग मी खाल्ल्या व्हय?"

मी मधे पडलो. "उंदीर असतील."

"उंदरांनी झाकण काढलं, अकरा गोळ्या खाल्ल्या आणि झाकण परत लावलं?" सुनंदानं विचारलं.

"हुशार असतात. पेपरात आलं होतं."

माझ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी आमच्या गॅसवर चहाची दोन पातेली चढली. दुपारी आईनं सवयीनं भाकरी मोडून अर्धी काकूच्या ताटात ठेवली. काकूनं ती उचलून परत टोपल्यात टाकली. मग आत जाऊन पिशवी भरायला लागली. "सोमवारी दवाखान्यातनं परस्पर एस्टी धरनार," म्हणाली. "माळशिरसला माझा ल्योक हाय. तितं मला कोन चोर म्हननार न्हाय." आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. ती जेवलीच नाही. एका वाक्याचं काम होतं. मी खाल्ल्या, एवढंच म्हणायचं होतं.

मी चप्पल घातली आणि मेडिकलच्या दुकानात गेलो.

"पांढऱ्या गोळ्या पाहिजेत," मी म्हणालो. "गोल, मधे रेघ असलेल्या. अकरा."

"नाव काय?" दुकानदारानं विचारलं.

"माझं? का... गोळीचं? नाव काहीही चालेल."

"कशावर पाहिजेत?"

"कशावर नकोत. दिसायला पाहिजेत."

दुकानदारानं मला खालून वर बघितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. पांढऱ्या होत्या, रेघही होती, पण जरा दांडग्या होत्या. घरी येऊन मी देवघरातली सहाण मागच्या अंगणात नेली आणि एकेक गोळी गंधासारखी उगाळायला बसलो. तिसऱ्या गोळीला समोर सुनंदाची पावलं दिसली.

"काय करताय?"

"लहान करतोय."

"तुम्हीच खाल्ल्यात ना त्या?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आठवडा झाला, मोजे उभ्यानं घालताय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू, तुमची नीतिमत्ता कधी उठते." तिनं सहाण उचलली. "खोट्या गोळ्या दिल्या म्हणून जगाला शिव्या घालत होतात आणि आता स्वतः बनवायला बसलात! उद्या तिथं खरं सांगायचं. नाहीतर काकूंच्या जागी माळशिरसला तुम्ही जायचं."

मी मान डोलावली. आजच सांगतो, असं मात्र म्हणालो नाही.

सोमवारी दवाखान्यात आई या टोकाला, काकू त्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन आणि मधल्या खुर्चीवर मी, असे बसलो. मॅडमनी बाटल्या घेतल्या. एकीत दोन गोळ्या, दुसरीत एक. त्यांनी दोनदा मोजल्या.

"आजी, यात तर पाच-सहा गोळ्या कमी आहेत. दोन्हीतही. काय झालं?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात आई बोलली.

"मी खाल्ल्या. सगळ्या मीच. हिचा काय दोस न्हाय. हिच्या बाटलीतल्याबी मीच घेतल्या."

काकूनं चमकून आईकडं बघितलं. "आक्का, का उगं खोटं बोलताय? मॅडम, मी खाल्ल्या. माझा गुडगा लई दुकत हुता. ह्यांचं वय हाय, ह्यांला कायबी बोलू नगा."

"पारू, तू गप."

"तुमी गप बसा."

दोघी एकमेकींना चोर समजत होत्या, आणि दोघी एकमेकींची चोरी स्वतःच्या अंगावर घेत होत्या! मॅडम मात्र घाबरल्या. नक्की कुणी जास्त घेतल्या, एका वेळी किती घेतल्या, चक्कर आली का, काही कळत नव्हतं. त्यांनी फोन उचलला. "दोघींना आजच ॲडमिट करून घेऊ. रक्त तपासायला लागेल." आईचा चेहरा उतरला. सुईला ती फार भिते.

आता पळायला जागा नव्हती. "मॅडम," मी म्हणालो, "मी खाल्ल्या. अकरा."

तिघीही माझ्याकडं बघायला लागल्या.

"तुमचं नाव चाचणीत आहे?"

"नाही."

"संमतीचा फॉर्म?"

"नाही."

"बीपी, शुगर, काही तपासलं होतं?"

"नाही."

"कुठल्या बाटलीतल्या घेतल्या?"

"डब्यातल्या," मी म्हणालो, आणि मग लाडवाच्या डब्याची हकिगतही सांगावी लागली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. पेपर वाचताना मी ज्या ज्या शास्त्रज्ञांना सोलून काढलं होतं, त्यांनीसुद्धा एवढं सगळं एका महिन्यात केलं नव्हतं.

मोठे डॉक्टर आले. असं काही झालं तर सील केलेलं पाकीट उघडून कुणी काय घेतलं ते बघावं लागतं, म्हणाले. उघडलं. वाचलं. माझ्याकडं बघितलं.

"दोन्ही बाटल्यांत औषध नव्हतं. निम्म्या लोकांना म्हणजे चाचणीतल्या एकूण निम्म्या लोकांना, काका. प्रत्येक घरात एक-एक असं नसतं."

मी माझं गणित मनातल्या मनात पुसलं. काकू मात्र खुर्चीतून पुढं झाली.

"म्हंजी दोगींलाबी खोटीच?"

"हो, आजी."

"मग सारखंच झालं की, आक्का!"

"व्हय की गं!" आई हसायला लागली. "त्या कॉम्पुटरला कळतंय बग. आन ह्याला कळंना."

दोघींची नावं चाचणीतून निघाली. गुडघे पुन्हा दुखतील याची मॅडमना काळजी वाटत होती. "खोटी आसंल तर आसू दे की," आई त्यांना म्हणाली, "जिना तर खरा चडलो न्हवं!" आणि त्या अजूनही चढतात. एस्टी अर्थातच धरली नाही. घरी जाताना काकूच्या पिशवीचा एक बंद आईच्या हातात आणि एक काकूच्या, अशा दोघी रिक्षापर्यंत गेल्या. मी मागून चाललो होतो. हसताहेत हे पाठीवरूनही कळत होतं, कशाला हसताहेत हेही कळत होतं, आणि दोघी परत एक झाल्या, त्या बदल्यात ते मला स्वस्त वाटलं.

निघताना मोठ्या डॉक्टरांनी मला सहज विचारलं होतं, "काका, आता कंबर कशी आहे?" त्यांनी पाकीट वाचलं त्या क्षणापासून ती परत दुखायला लागली होती. ती अजून थांबलेली नाही. मी पट्टा लावला, शेक घेतला, दोन डॉक्टर बदलले, खऱ्या औषधाच्या खऱ्या गोळ्या खाल्ल्या. (त्यांच्या चिठ्ठ्यांवरचे संभाव्य धोके मी बारीक अक्षरातले सुद्धा वाचतो, आणि ते मला सगळे होतात.) गुण नाही. शेवटी परवा रजा काढून, कुणाला न सांगता, त्या दवाखान्यात मॅडमना गाठलं.

"मॅडम, त्या गोळ्या बाहेर कुठं मिळतात का?"

"कुठल्या? औषधाच्या?"

"नाही. आमच्या डब्यातल्या."

मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "काका, त्यात काही नाही हे तुम्हाला आता माहीत आहे. आता त्यांचा गुण कसा येईल?"

मी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही बाटलीवर फक्त 'खरी' असं लिहून द्या, मॅडम. विश्वास ठेवायचं मी बघतो."